समुद्राचा वाटा

आमच्या बेटावर चार मिनास हाल्कियास आहेत. चौघंही माझ्या सासऱ्यांचे नातू. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं ही आमच्याकडची रीत, आणि सासऱ्यांना मुलगे चार. ईस्टरला सगळे जमले आणि कुणी "मिनास, इकडे ये रे" अशी हाक मारली की चार पोरं धावत यायची, मग "तू नव्हे, तूही नव्हे" करत तिघांना परत पाठवायचं. मला या प्रकाराचा असा काही वैताग यायचा की विचारू नका. पण दुसरं नाव ठेवते म्हटलं असतं तर सासूबाईंनी अन्नपाणी सोडलं असतं.

बंदरावर औषधाचं दुकान चालवणाऱ्या कीरा थेमेलिनाने, म्हणजे थेमेलिनाबाईंनी, यावर आपला तोडगा काढला होता. ती कुठल्याच पोराला नावाने ओळखत नसे, वजनाने ओळखायची. दुकानात पाऊल टाकलं की आधी पोराला काट्यावर उभं करायचं, बूट काढून, आणि मग पुढचं बोलणं. माझा मिनास पहिल्यांदा तिच्याकडे गेला तेव्हा साडेअकरा किलोचा होता. तेच नाव त्याला चिकटलं. आज तो बंदरावर बोटींचे दोर ओढतो, चांगला नव्वद किलोचा गडी झालाय, पण रस्त्यात दिसला की कीरा थेमेलिना अजून ओरडते, "काय रे साडेअकरा, जेवलास का?" आणि हा एवढा मोठा बाप्या लाजतो.

बाई ठेंगणी, जाड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि आवाज असा की वरच्या गावात ऐकू यावा. तिचा बापही बंदरावर दोरच बांधायचा. ती अथेन्सला शिकायला गेली तेव्हा सगळे धरून चालले होते, की गेली ती गेली. पण शिकून परत आली. मी एकदा विचारलं होतं, "कीरा थेमेलिना, का हो आलात परत या खडकावर?" तर म्हणाली, "तिथे रोज सगळं मिळतं. तिथे हिशेब कशाला कुणाला लागतो?"

हिशेब म्हणजे पोरांच्या पातळ औषधांचा. गोळ्यांचं तिला काही कौतुक नव्हतं. गोळ्या काय, मोजल्या आणि दिल्या. पण बाटलीतलं औषध आलं की बाई खुर्ची ओढून बसायची आणि आईची उलटतपासणी सुरू. कशाने देतेस? चमच्याने? कुठल्या चमच्याने, आणून दाखव. आणि चमचा आणला की गेलाच. घरातला एक चमचा दुसऱ्यासारखा नसतो, एकात जास्त मावतं, एकात कमी, म्हणून ती तो सरळ जप्त करायची आणि बदल्यात बिनसुईची सिरिंज द्यायची. सिरिंजवर ज्याच्या त्याच्या मापाला लाल नेलपॉलिशची रेघ मारलेली. तिच्या खणात निम्म्या बेटाचे चमचे पडलेत. माझ्या लग्नातला चांदीचा चमचा तिथेच आहे, आणि मी तो मागायची हिंमत अजून केलेली नाही.

आता माझं सांगते. मिनास दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हा त्याला पहिली आकडी आली. जेवता जेवता मान मागे गेली, डोळे पांढरे, अंग लाकडासारखं कडक. नवरा, निकितास, मालवाहू जहाजावर, कुठल्या समुद्रात होता देव जाणे. घरात मी आणि सासूबाई, जिला सगळं घर याया, म्हणजे आजी, म्हणतं. मी तर किंचाळत सुटले. यायाने पोराला कुशीवर निजवलं आणि त्याच्या तोंडात काही घालू दिलं नाही. ती होती म्हणून. पुढे अथेन्सच्या डॉक्टरांनी रोजचं औषध लिहून दिलं आणि बजावलं, एकही वेळ चुकवायची नाही, कमी करायचं नाही, मनाने थांबवायचं तर अजिबातच नाही. थांबलं की आकडी पुन्हा येते, आणि जोरात येते.

तो कागद घेऊन मी बंदरावर गेले. कीरा थेमेलिनाने पोराला काट्यावर उभं केलं, कागद वाचला, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"रडून झालं का तुझं?"

"झालं."

"मग बस. बाटली दीडशे मिलीची. सकाळी तीन, रात्री तीन. रोजचे किती?"

"सहा."

"किती दिवस पुरेल?"

मी बोटांवर हिशेब केला. "पंचवीस."

"हे कागदावर. तुझ्या घरी नाही. थुंकतो का?"

"कोण?"

"मी नाही थुंकत. पोरगा!"

थुंकायचा. चांगला लांब उडवायचा. त्यात आमच्याकडे पोराचं कौतुक केलं की दृष्ट लागू नये म्हणून लगेच त्याच्यावर फ्तू फ्तू करायचं, आणि याया ते दिवसातून दहा वेळा करायची. कीरा थेमेलिना म्हणाली, "तुम्ही त्याच्यावर थुंकता, तो औषधावर थुंकतो. त्याला वाटतं औषध फार गोड दिसतंय, दृष्ट लागेल." मी त्या दिवशी तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसले.

मग तिने वजाबाकी केली. थोडं बाटलीच्या काचेला चिकटून राहणार, थोडं सिरिंजच्या टोकाला, थोडं तो उडवणार. बारा मिली गेले. "तेवीस दिवस. तेविसाव्या दिवशी तू माझ्या दारात पाहिजेस. चोविसाव्या नाही. आणि पोराला घेऊन ये, वजन वाढलं तर डॉक्टरला विचारून माप वाढवावं लागेल."

"आणि हिवाळ्यात बोट नाही आली तर?"

"ते माझं मी बघते," ती म्हणाली आणि गिऱ्हाईकाकडे वळली.

असं वर्षभर सुरळीत चाललं. मी पहाटे बेकरीत कामाला जायचे, म्हणून सकाळचं औषध याया द्यायची आणि रात्रीचं मी. आकडी पुन्हा आली नाही. पोरगा बोलायला लागला, बोकडांच्या मागे पळायला लागला. मी मनातून रोज त्या बाटलीला नमस्कार करायचे.

मग तो हिवाळा आला. दक्षिणेचा वारा सुटला तो थांबेचना. बंदर बंद, बोटींना बंदी. पहिला आठवडा कुणी मनावर घेत नाही. दुसऱ्या आठवड्यात वाण्याच्या फळ्या रिकाम्या दिसायला लागतात आणि बायका एकमेकींकडे वाटी वाटी पीठ मागायला लागतात. बेकरीत आम्ही एकच पाव भाजत होतो, तोही छोटा. बेटावरची माणसं अशा वेळी काय करतात? पुरवून वापरतात. तेल, गॅस, कॉफी, टाकीतलं पावसाचं पाणी, सगळं. जुन्या बायकांच्या तर ते हाडात आहे. आमची याया आगपेटीची काडीसुद्धा एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर न्यायची.

तेविसावा दिवस उलटला आणि मी बंदरावर गेले नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, बोटच नाही तर दुकानात काय असणार? उगाच पायऱ्या उतरायच्या, पावसात भिजायचं आणि "नाही" ऐकून परत यायचं. आणि बाटलीत औषध होतं की अजून! रात्री मी ती दिव्यासमोर धरायचे, तळाशी बोटभर दिसायचं, आणि जीव भांड्यात पडायचा. पुरतंय, म्हटलं. देवाचीच कृपा.

सव्विसाव्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात कीरा थेमेलिना. पावसाने नखशिखान्त ओली, चष्म्यावर थेंब, गुडघ्याला हात लावून धापा टाकत उभी. वरच्या गावात गाडी फक्त चौकापर्यंत येते, पुढे पायऱ्याच पायऱ्या, आणि तिचे गुडघे तर तेव्हाच कामातून गेले होते.

"अहो, फोन करायचा ना!" मी म्हटलं.

"फोनवर बाटली दिसत नाही. कुठंय?"

ना नमस्कार, ना चमत्कार. मी बाटली आणून दिली. तिने चष्मा ओल्या शालीच्या टोकाने पुसला, बाटली खिडकीशी नेली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. याया चुलीपाशी बसून अख्खे मसूर निवडत होती.

"हे इथे कसं?" कीरा थेमेलिनाने विचारलं.

"उरलंय," मी हसत म्हटलं. मला आपली शाबासकीची अपेक्षा.

"उरायचं नव्हतं."

"बरंच झालं ना? बोट नाही तर..."

"अगं बये! बाटलीत उरलं म्हणजे पोराच्या पोटात गेलं नाही." तिचा आवाज चढला. "दोन दिवस मी वाट बघितली. आर्गिरो, म्हटलं, तू उशीर करणारी बाई नाहीस. पंचविसावा गेला. पंचवीस म्हणजे एक थेंब न सांडता. त्यापुढे औषध उरलं तर तो चमत्कार, आणि चमत्कार चर्चमध्ये होतात, माझ्या बाटलीत नाही. कधी चुकवलंस?"

"मी? देवाशपथ एक रात्र चुकवली नाही!"

"सिरिंज दाखव."

दाखवली. रेघ जागेवर होती. माझं डोकं फिरायला लागलं. पोरगा कोपऱ्यात डबे वाजवत बसला होता, मी त्याच्याकडे बघितलं. तो त्या दिवशी जरा गप्पच होता, ते मला तेव्हा कुठे जाणवलं.

मसूर निवडण्याचा आवाज थांबला होता.

"मी," याया म्हणाली.

आम्ही दोघी तिच्याकडे वळलो. ती परातीतच बघत होती. "सकाळचं मी दोन देते. लाल रेघेपर्यंत भरत नाही. बोट बंद झाल्यापासून. म्हटलं, पुरायला पाहिजे. संपलं तर काय घालणार त्याच्या तोंडात? थोडं थोडं का होईना, रोज पडत राहील."

मी काय काय बोलले ते आता सांगत नाही. मी फटकळ आहे, बेटावर सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी जे तोंडातून गेलं ते सासूला कुणी बोलू नये. मग यायाने मान वर केली.

"आज सकाळी," ती म्हणाली, "त्याच्या हातातला पाव पडला. डोळे एका जागी लागले. मी हाक मारली, मिनास, मिनास... ऐकेना. मग आला भानावर. मी दहा आकडे मोजेस्तोवर. तुला सांगायची छाती झाली नाही."

मी धावत जाऊन पोराला उचललं. कीरा थेमेलिनाने मात्र एक क्षण घालवला नाही, फोन उचलून त्या वर्षीच्या डॉक्टरीणबाईंना लावला. आमच्याकडे डॉक्टर वर्षाला बदलतो. ही पोर चांगली होती, पंधरा मिनिटांत धावत आली, स्टेथोस्कोप गळ्यात आणि एक बूट चिखलाने बरबटलेला. तिने मिनासला तपासलं, अथेन्सच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं. राहिलेलं औषध भरून काढायला एकदम जास्त द्यायचं नाही, ते म्हणाले. आत्तापासून नेहमीचं माप, पूर्ण, वेळच्या वेळी, आणि आजची रात्र पोराला दवाखान्यात नजरेखाली ठेवा.

"पूर्ण द्यायचं ते कुठून?" मी ओरडले. "बाटलीत उरलंय किती? दीड दिवसाचं! बोट कुठंय?"

कीरा थेमेलिनाने शालीखाली हात घातला आणि कोटाच्या आतल्या खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. नवी, सील न तोडलेली. वर चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि तिच्यावर नाव नव्हतं, फक्त "साडेअकरा".

"ऑक्टोबरपासून माझ्या फळीवर आहे," ती म्हणाली. "या बेटावर ज्या ज्या पोराला रोजचं औषध आहे, त्याची एक बाटली हिवाळाभर माझ्याकडे जास्तीची असते. हा समुद्राचा वाटा. समुद्र दरवर्षी काहीतरी अडवतोच, म्हणून मी त्याचा वाटा आधीच काढून ठेवते."

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग रागच आला. "आणि हे आम्हाला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तो हिशेबात धरला असता. आणखी एक बाटली आहे म्हटल्यावर तेविसाव्याला आलीच नसतीस, तिसाव्याला आली असतीस." मग तिने चष्मा काढला. "पण न सांगून हे झालं. याचा विचार मी केला नव्हता. गॅस पुरवून वापरणारी माणसं औषधही पुरवतील, हे मला कळायला हवं होतं. मीसुद्धा इथलीच ना."

ती यायाजवळ चुलीपाशी जाऊन बसली. ओल्या शालीतून वाफ निघत होती.

"कीरा सेवास्ती," ती यायाला म्हणाली, "पुरवायचं काम माझं. तुझं काम फक्त रेघेपर्यंत भरायचं. उद्या सकाळी पूर्ण तीन."

"यापुढे मी देईन सकाळचं," मी मध्येच म्हटलं. "बेकरीला उशीर झाला तरी चालेल."

"नाही. हीच देणार," कीरा थेमेलिना म्हणाली. "आता हिच्याइतकं नेमकं या बेटावर कुणी देणार नाही."

याया तोंडाला रुमाल लावून रडायला लागली. मी कधी तिला रडताना बघितलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा. मी जाऊन तिच्या पायाशी बसले. माफी मागितली की नाही ते आठवत नाही. तिचा मसूर लागलेला हात मात्र माझ्या डोक्यावर आला होता, ते आठवतं.

बोट त्यानंतर आणखी नऊ दिवसांनी आली. तोवर त्या चिठ्ठीच्या बाटलीवर माझं पोर जगलं, हसलं, थुंकलंसुद्धा. आकडी आली नाही. शाळेत जायला लागल्यावर अथेन्सच्या डॉक्टरांनी हळूहळू औषध कमी करत थांबवलं, आणि पुन्हा कधी लागलं नाही. ते सांगायला मी मध आणि घरचं चीज घेऊन बंदरावर गेले. मोठं भाषण करायचं ठरवून गेले होते, की तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

"रडून झालं का तुझं?" ती म्हणाली. "मग त्याला काट्यावर उभं कर."

"आता कशाला? औषध थांबलं ना!"

"माझी हौस."

त्या हिवाळ्यापासून तिने एक मात्र बदललं. समुद्राच्या वाट्याची फळी दुकानात समोर आणली, सगळ्यांना दिसेल अशी. आणि प्रत्येक घरातल्या म्हातारीला ऑक्टोबरात स्वतः बोलावून ती बाटली दाखवायची. आयांना नाही, आज्यांना. "घाबरतात त्या," ती म्हणायची, "तुम्ही नुसत्याच चुकता."

आता दुकान तिची भाची बघते. कीरा थेमेलिना दाराशी खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचं वजन अंदाजाने सांगते. आमची याया नव्वदीला टेकली. गेल्या शरदात तिची एक बाजू लुळी पडली, गोळ्या गिळता येईनात, म्हणून तिलाही पातळ औषध लागलं. पोरांसारखंच, सिरिंजने. कीरा थेमेलिनाने भाचीला बाजूला सारलं आणि स्वतः हिशेब केला. फोनवर मला पहिला प्रश्न, "थुंकते का?"

सकाळचं औषध मिनास देतो, बंदरावर जायच्या आधी. परवा मी स्वयंपाकघरातून बघत होते. चार दिवसांपासून वारा सुटलेला, बोट नाही. त्याने लाल रेघेपर्यंत सिरिंज भरली आणि यायाच्या ओठाशी नेली. तिने अर्धं घेतलं आणि ओठ मिटले.

"बोट आली का?" तिने विचारलं. शब्द आता तिला जड जातात.

"नाही आली, याया."

"मग ठेव. थोडं ठेव."

मिनास तिच्यासमोर उकिडवा बसला. एवढा मोठा माणूस, तिच्या गुडघ्यांपर्यंत खाली वाकला.

"तुझा समुद्राचा वाटा फळीवर आहे," तो म्हणाला. "कालच बघून आलोय. चिठ्ठी लावलीय, चव्वेचाळीस किलो. तू पूर्ण घे."

यायाने त्याच्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं, आणि रेघेपर्यंतचं सगळं घेतलं.